केसाएवढीही कसर नको

आज रमजानचा एकोणिसावा रोजा. हिजरी सन ८३२ मध्ये याच तारखेला, बुधवारी सकाळी, समरकंद शहराबाहेरच्या वेधशाळेत एका गणितज्ञाचा इंतकाल झाला. इसवी सनाप्रमाणे तो दिवस २२ जून १४२९. त्यांचे नाव जमशीद, वडिलांचे मसऊद, गाव इराणमधले काशान. गावावरून लोक त्यांना काशानी किंवा काशी म्हणत. आपल्याला काशी म्हटले की गंगेचा घाट आठवतो. या काशीचा त्या काशीशी संबंध नाही.

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाने हे नाव बहुधा ऐकलेले नसते. उर्दू शाळेत शिकलेल्यानेही नसते, हे सांगताना थोडा संकोच होतो. फ्रान्समधल्या शाळकरी मुलांना मात्र ते ठाऊक असते. त्रिकोणाच्या दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन दिला असता तिसरी बाजू काढण्याचा जो नियम आपण कोसाइनचा नियम म्हणून शिकतो, त्याला तिथे काशीचा सिद्धांत म्हणतात.

रमजानच्या पानावर सूफी, संत, खलिफा येतात. तिथे गणितज्ञाचे काय काम, असे कोणी विचारील. ज्यांच्या घरी रोजे असतात त्यांच्या भिंतीवर या महिन्यात सहरी आणि इफ्तारच्या वेळांचा तक्ता लागलेला असतो. शेजारच्या हिंदू घरांनाही तो आता ओळखीचा झाला आहे. प्रत्येक गावासाठी, प्रत्येक दिवसासाठी, मिनिटाच्या हिशेबाने वेळ. सूर्य क्षितिजाखाली किती अंश गेला यावरून ती वेळ काढतात आणि ते गणित वर्तुळ, कोन आणि जीवा यांच्या कोष्टकांवर उभे असते. ही कोष्टके अचूक व्हावीत म्हणून ज्यांनी आयुष्य घातले, त्यांच्यातले जमशीद एक. शिवाय रमजानशी त्यांचे नाते एवढ्यावर संपत नाही, ते पुढे येईलच.

जमशीद जन्मले ते साधारण १३८० च्या सुमारास. तो काळ तैमूरच्या स्वाऱ्यांचा. इराणमधली शहरे एकामागून एक लुटली जात होती. तैमूर १४०५ मध्ये मेला आणि त्याचा मुलगा शाहरुख गादीवर आला, तेव्हा कुठे लोकांनी श्वास घेतला. त्याआधीची जमशीदांची वर्षे हलाखीत गेली. ते व्यवसायाने हकीम होते. नाडी बघायची, औषध द्यायचे. पण मन आकाशात. २ जून १४०६ च्या रात्री काशानमध्ये त्यांनी चंद्रग्रहणाचा वेध घेतला. त्यांच्या आयुष्यातली आपल्याला नक्की माहीत असलेली पहिली तारीख ती हीच. त्यानंतरच्या वर्षभरात आणखी दोन चंद्रग्रहणे त्यांनी मोजली. पृथ्वीची सावली चंद्रावर केव्हा पडली, केव्हा सुटली, यावरून चंद्राच्या गतीचे गणित तपासता येते. ज्या धर्मात महिना चंद्रावर चालतो, त्यातल्या माणसाला या कामाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पुढच्याच वर्षी ‘सुल्लमुस्समा’, म्हणजे आकाशाची शिडी, हे पुस्तक पुरे झाले. सूर्य, चंद्र, ग्रह किती मोठे आणि किती दूर, हा त्याचा विषय. पुस्तक संपल्याची तारीख हिजरी ८०९ च्या रमजानची एकवीस. इसवी १ मार्च १४०७. म्हणजे शेवटची पाने रोज्यात लिहिली गेली.

आता विद्या होती, पण पोटाचे काय? त्या काळी विद्वानाला आश्रयदाता लागे. जमशीदांनी एक पुस्तक एका सुलतानाला अर्पण केले, ग्रहगणिताचा ‘झीज-ए-खाकानी’ हा मोठा ग्रंथ समरकंदच्या तरुण शहजाद्याला, तैमूरचा नातू उलुग बेग याला. झीज म्हणजे ग्रहांच्या कोष्टकांचा ग्रंथ. आपल्याकडच्या करणग्रंथाचा भाऊच म्हणा. त्याच्या आश्रयाशिवाय तो पुरा झाला नसता, असे जमशीदांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १४१६ मध्ये त्यांनी एका यंत्राचे वर्णन केले. धातूची एक तबकडी, तिच्यावर ग्रहांची वर्तुळे; आकडेमोड न करता ग्रह आज कुठे आहे ते तबकडी फिरवून वाचायचे. एवढे सगळे करूनही हा माणूस अजून काशानमध्येच होता.

उलुग बेगचे बोलावणे आले आणि जमशीद समरकंदला गेले. १४२० मध्ये तिथला मोठा मदरसा बांधून पुरा झाला होता. रेगिस्तान चौकात तो आजही उभा आहे. मदरसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फक्त दीनी तालीम येते. उलुग बेगच्या मदरशात गणित आणि खगोल हे विषय मानाने शिकवले जात आणि राजा स्वतः चर्चेला बसे.

समरकंदहून जमशीदांनी काशानला वडिलांना फारसीत पत्रे लिहिली. त्यातली दोन टिकली आहेत. पंधराव्या शतकातल्या वैज्ञानिकाने आपल्या अब्बांना लिहिलेली पत्रे हाती लागणे ही मोठी गोष्ट आहे, कारण ग्रंथात माणूस सावरून बसलेला असतो आणि पत्रात मोकळा होतो. या पत्रांत जमशीद खुशीत आहेत. राजाचे मनापासून कौतुक करतात. घोड्यावर बसल्या बसल्या उलुग बेगने एका जुन्या तारखेला सूर्य कुठे होता याचे गणित तोंडी केले, हे ते वडिलांना अपूर्वाईने कळवतात. दरबारातल्या बाकीच्या विद्वानांबद्दल मात्र त्यांचे मत फारसे चांगले नाही. काझीजादा रूमी सोडले तर आपल्या तोडीचा कोणी नाही, असा त्यांचा एकंदर सूर. विनय हा त्यांचा गुण नव्हता, हे मान्य करायला हवे.

पण बढाई पोकळही नव्हती. राजवाड्याच्या एका भिंतीवर सावलीचे घड्याळ आखायचे होते, आणि भिंत नेमक्या दक्षिणोत्तर रेषेत नव्हती. कोणाला जमेना, जमशीदांनी आखून दिले. मशिदीच्या भिंतीला असे छिद्र पाडायचे होते, की अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची वेळ झाली की त्यातून ऊन आत यावे. तेही त्यांनीच सोडवले. दरबारी रीतभात मात्र त्यांना जमली नाही. बोलणे खडबडीत, वागणे गावठी. नंतरच्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे, की त्यांच्या विद्येपायी उलुग बेग हे सारे सहन करी. सहन करणाऱ्याचेही कौतुक आहे. दरबारात गोड बोलणाऱ्यांना तोटा नसतो. आकडा बरोबर काढणारा हवा असेल तर त्याचा तोंडाळपणा पदरी घ्यावा लागतो.

आता ज्या कामासाठी हा लेख आहे, त्याकडे येऊ.

वर्तुळाचा परिघ व्यासाच्या किती पट, हा प्रश्न कुंभाराच्या चाकाइतका जुना. आपण शाळेत त्याला ‘पाय’ म्हणतो आणि किंमत २२/७ घेतो. ही २२/७ आर्किमिडीजची देणगी. त्याने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या आकृती बसवून दाखवले, की खरी किंमत २२/७ पेक्षा किंचित कमी आहे. आपल्याकडे आर्यभटाने ४९९ साली २०,००० व्यासाला ६२,८३२ परिघ सांगितला. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त सूक्ष्म कामासाठी ३९२७/१२५० आणि व्यवहारासाठी २२/७ अशा दोन किमती दिल्या. या भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. चीनमध्ये पाचव्या शतकात झू चोंगझीने ३५५/११३ काढले, जे आजही थक्क करते.

हे सगळे व्यवहारी अपूर्णांक. वर आकडा, खाली आकडा. सोयीचे, पाठ व्हायला सोपे. पण त्यांची एक अडचण आहे. अपूर्णांक स्वतः सांगत नाही की तो खऱ्यापासून किती दूर आहे. एक मीटर व्यासाच्या टेबलाला २२/७ वापरले तर परिघात सव्वा मिलिमीटरची चूक होते, सुताराला चालेल. पृथ्वीच्या व्यासाला तेच वापरले तर सुमारे १६ किलोमीटरची चूक. ३५५/११३ घेतले तर तीच चूक साडेतीन मीटरच्या आत येते. पण आकाशाएवढे वर्तुळ घेतले तर? आणि त्याहून चांगले हवे असेल तर नवा अपूर्णांक कुठून आणायचा? २२/७ वरून ३५५/११३ कडे जायला पायऱ्या नाहीत. दुसरा जिना शोधावा लागतो.

जमशीदांनी प्रश्नच उलटा केला. किंमत काढून मग चूक बघण्याऐवजी त्यांनी आधी ठरवले, की आपल्याला किती चूक चालेल. त्यांच्या काळच्या समजुतीप्रमाणे विश्वाला मर्यादा होती आणि ताऱ्यांच्या गोलाचा व्यास पृथ्वीच्या व्यासाच्या फार तर सहा लाख पट, असा त्यांनी हिशेब धरला. एवढ्या मोठ्या वर्तुळाचा परिघ काढताना घोड्याच्या केसाच्या जाडीएवढीही चूक होता कामा नये, ही अट त्यांनी स्वतःला घातली. घोड्याचा केस हे उगाच काव्य नव्हे. त्या काळच्या लांबीच्या कोष्टकातले ते सर्वांत लहान माप होते: सहा केसांचा एक जवाचा दाणा, सहा दाण्यांचे एक बोट, चोवीस बोटांचा एक हात. म्हणजे ठाऊक असलेले सर्वांत मोठे वर्तुळ आणि ठाऊक असलेली सर्वांत लहान चूक.

मग त्यांनी मोजले, की यासाठी वर्तुळात किती बाजूंची आकृती बसवावी लागेल. आर्किमिडीजला ९६ बाजू पुरल्या होत्या. जमशीदांचे उत्तर आले ८०,५३,०६,३६८ बाजू. ऐंशी कोटींहून जास्त. हा आकडा तीनला अठ्ठावीस वेळा दुप्पट केल्यावर येतो. अर्थात एवढ्या बाजू कोणी काढत नाही. षटकोनापासून सुरुवात करायची. एका पायरीची जीवा ठाऊक असली की व्यासात ती मिळवायची, त्रिज्येने गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे. पुढच्या पायरीची जीवा हाती येते आणि बाजू दुप्पट होतात. प्रत्येक पायरीला एकच वर्गमूळ. ऐकायला सोपे. पण ही वर्गमुळे लांबच लांब आकड्यांची, कागदावर, हाताने, एकाखाली एक. एका पायरीत एक अंक चुकला तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया. म्हणून त्यांनी प्रत्येक कोष्टकाची मांडणी पडताळ्यासकट केली आणि किती स्थाने धरायची, कुठली सोडायची हेही आधीच ठरवून ठेवले. शेवटी वर्तुळाच्या आतल्या आणि बाहेरच्या आकृतीचे परिघ ताडून मधली किंमत घेतली.

हा ग्रंथ म्हणजे ‘अर्रिसालतुल मुहीतिया’, परिघाची पुस्तिका. तो पुरा झाला हिजरी ८२७ च्या शाबान महिन्याच्या मध्यावर, जुलै १४२४ मध्ये. शाबानचा मध्य म्हणजे शब-ए-बरातचे दिवस, पंधरवड्यावर रमजान. ग्रंथाची सुरुवात रिवाजाप्रमाणे अल्लाहच्या स्तुतीने होते, पण स्तुतीही अशी, की व्यासाचे परिघाशी असलेले खरे नाते जाणणारा तोच. मला हे फार भावते. आपण सोळा स्थानांपर्यंत गेलो तरी शेवट आपल्याला सापडलेला नाही, हे पहिल्याच वाक्यात कबूल करून माणूस कामाला लागतो. ही संख्या कुठल्याही दोन पूर्णांकांच्या भागाकाराने नेमकी मांडता येत नाही, हे सिद्ध व्हायला अठरावे शतक उजाडले. ते गणितज्ञ लाम्बर्टने केले.

उत्तर आधी साठाच्या पद्धतीत आले. खगोलाचे सगळे गणित तेव्हा साठाने चाले. आपण तासाची साठ मिनिटे आणि मिनिटाचे साठ सेकंद करतो, तेच पुढे आणखी खाली नेत राहायचे. परिघ त्रिज्येच्या सहा पट, शिवाय १६ साठांश, त्याच्याखाली ५९, मग २८, १, ३४, ५१, ४६, १४, ५०. बरोबर नऊ स्थाने. ज्योतिषगणित करणाऱ्याला हे पुरेसे होते. पण जमशीद इथे थांबले नाहीत. ज्यांना साठाचा हिशेब येत नाही, त्यांच्यासाठी त्यांनी तोच आकडा हिंदी अंकांत, दहाच्या पद्धतीत बदलून लिहिला: ६.२८३१८५३०७१७९५८६५. दशांश चिन्हापुढे सोळा स्थाने आणि सोळाही बरोबर. याचे निम्मे केले की आपला पाय: ३.१४१५९२६५३५८९७९३२ आणि पुढे.

हे किती अचूक आहे? पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्या कक्षेएवढे वर्तुळ घेतले, तरी या किमतीने परिघात होणारी चूक माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कमी भरते. आजही अमेरिकेच्या ‘नासा’चे ग्रहांवर जाणारी याने हाकणारे लोक पायची पंधरा दशांश स्थाने वापरतात. जमशीदांच्या आधी केरळच्या माधवाने अगदी वेगळ्या वाटेने, अनंत पदांच्या बेरजेने, अकरा स्थाने गाठली होती. माधव आणि जमशीद काही वर्षे तरी एकाच वेळी हयात होते. एक केरळात, दुसरा समरकंदला. सोळा स्थानांचा हा विक्रम पुढे पावणेदोनशे वर्षे कोणी मोडला नाही. १५९६ मध्ये लुडोल्फ व्हान क्यूलेन या युरोपीय गणितज्ञाने वीस स्थाने छापली तेव्हा तो मोडला.

मला मात्र विक्रमापेक्षा त्या बदलून लिहिण्याचे मोल जास्त वाटते. उर्दू शाळेतला मुलगा ३.१४ वाचताना ‘तीन अशारिया एक चार’ असे म्हणतो. हा ‘अशारिया’ अरबी दहावरून आला आणि जमशीदांनी दशांश अपूर्णांकांना जे नाव दिले, त्यात तोच शब्द आहे: कुसूर-ए-अशारिया. कुसूर हे कसरचे अनेकवचन. कसर म्हणजे तुटलेला भाग, अपूर्णांक. आपण मराठीत ‘कसर राहिली’, ‘कसर भरून काढली’ म्हणतो तो शब्द हाच. आणि उर्दूत अंकाला ‘हिंदसा’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते, हिंदहून आला म्हणून हिंदसा. अंक हिंदहून गेले हे खरेच. जमशीदही त्यांना हिंदीच म्हणतात. पण तो शब्द फारसी ‘अंदाजा’वरून अरबीत गेला. मराठीतला अंदाज तोच. पायला बावीस सप्तमांश म्हणणे हा अंदाज होता. जमशीदांनी त्यातली कसर किती ते आधीच सांगून टाकली.

दशांश पद्धतीचा फायदा कोणता, ते एका साध्या उदाहरणाने पाहू. कोन अंशांत मोजतात, तसा तो त्रिज्येच्या मापानेही मोजतात: कोनासमोरचा वर्तुळाचा तुकडा त्रिज्येच्या किती पट आहे ते बघायचे. कॉलेजात याला रेडियन म्हणतात. मुले कॅल्क्युलेटरवर गणित करतात आणि उत्तर येते ०.७८५४. हा कोन केवढा? नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. त्याला पायने भागून बघायचे. ३.१४ ने भागले तर येते ०.२५०१, २२/७ ने भागले तर ०.२४९९. दोन्हीकडे मन साशंक राहते, की हा पाव आहे की पावाच्या जवळपासचे काहीतरी? चांगली, लांब किंमत घेऊन भागले की उत्तर ०.२५००००६ येते आणि शंका फिटते: ही पायची चतुर्थांश. अर्ध्या वर्तुळाचा पाव, म्हणजे ४५ अंश. कुठलाही दशांश आकडा पायच्या हिश्शात ओळखायचा, तर पाय स्वतः त्याच दशांशात आणि पुरेशी लांब हवी. माप आणि वस्तू एकाच भाषेत असल्याशिवाय मोजणी होत नाही.

जमशीदांनी परिघाची तुलना व्यासाशी नाही, थेट त्रिज्येशी केली, हेही लक्षात घ्या. त्यांना वर्तुळाचे तुकडे त्रिज्येने मोजायचे होते. त्या आकड्याच्या एकपट, दुप्पट, तिप्पट अशा पटींचे तयार कोष्टकही त्यांनी पुस्तिकेत दिले, साठाच्या आणि दहाच्या दोन्ही पद्धतींत. त्रिज्या कितीही असो, त्यातल्या अंकांप्रमाणे कोष्टकातल्या ओळी घ्यायच्या, एकेक घर सरकवून खाली मांडायच्या आणि बेरीज करायची. गुणाकाराची गरजच नाही.

दशांश अपूर्णांक आपणच प्रथम काढले, असे जमशीदांना वाटत होते. तसे ते नव्हते. दमास्कसमध्ये ९५२ साली उकलिदिसी यांनी ते वापरल्याचे विसाव्या शतकात उजेडात आले. पण त्यांचे नियम नीट बांधून देणे, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ सगळे त्यांत करून दाखवणे आणि साठाच्या पद्धतीच्या जोडीने त्यांना मानाने बसवणे, हे जमशीदांचे काम. युरोपात सायमन स्टेव्हिनची दशांशावरची पुस्तिका निघाली ती १५८५ मध्ये.

हे बांधकाम त्यांच्या ‘मिफ्ताहुल हिसाब’ या ग्रंथात आहे. नावाचा अर्थ हिशेबाची किल्ली. तो २ मार्च १४२७ ला पुरा झाला आणि उलुग बेगला अर्पण केला गेला. ही किल्ली विद्वानांपुरती नव्हती. व्यापारी, जमीन मोजणारे, इमारती बांधणारे, दफ्तरातले कारकून, साऱ्यांना ती उपयोगी पडावी अशी रचना होती. एका ठिकाणी ४४२४०८९९५०६१९७ या चौदा अंकी संख्येचे पाचवे मूळ काढून दाखवले आहे. ते ५३६ येते आणि बाकी उरते अवघी २१. दुसरीकडे कमानी आणि घुमट मोजायच्या रीती आहेत. मशिदींच्या कमानींत मधाच्या पोळ्यासारखी जी उतरती नक्षी असते, मुकर्नस, तिचे पृष्ठफळ कसे काढायचे हेही आहे. गवंड्याला चुना-रंग किती लागेल आणि त्याची मजुरी किती, हा प्रश्न गणितज्ञाने कमीपणाचा मानला नाही. शतकानुशतके हे पुस्तक लोक उतरवून घेत राहिले.

शेवटची वर्षे वेधशाळेत गेली. शहराबाहेरच्या टेकडीवर उलुग बेग ती बांधत होता. तिच्यातल्या मुख्य यंत्राची, दगडी कमानीची, त्रिज्या सुमारे चाळीस मीटर. तिचा खालचा भाग जमिनीत खोल उतरलेला. यंत्र मोठे म्हणजे एका अंशाची जागा मोठी, जागा मोठी म्हणजे चूक लहान. हे तत्त्व जमशीदांना पटलेले होते आणि वेधशाळेच्या आखणीत ते पहिल्यापासून होते.

तिथे त्यांच्यापुढे शेवटचा मोठा प्रश्न होता तो एका अंशाच्या साइनचा. तीन अंशांचा साइन भूमितीने काढता येतो. एका अंशाचा येत नाही. दोन्हींचा संबंध जोडला की घन समीकरण तयार होते. जमशीदांनी ते सोडवण्याची एक सुंदर रीत शोधली. आधी ढोबळ उत्तर घ्यायचे, ते समीकरणात घालायचे, त्यातून आधीच्यापेक्षा चांगले उत्तर येते, तेच पुन्हा घालायचे. प्रत्येक फेरीला एक स्थान पक्के होत जाते. आज संगणक हेच करतो. उत्तर मिळाले, पण या विषयावरची पुस्तिका पुरी करायला जमशीद राहिले नाहीत. ती काझीजादा रूमींनी पुरी केली; पत्रात ज्यांचे नाव जमशीदांनी आपल्या बरोबरीने घेतले होते, तेच हे.

वय पन्नाशीच्या आतबाहेर. वेधशाळेचे काम नुकते मार्गाला लागले होते. महिना उन्हाळ्याचा, जूनचा, आणि रोजे. मृत्यूची तारीख आपल्याला कळते ती त्यांच्याच ‘झीज-ए-खाकानी’च्या एका हस्तलिखितामुळे. ते लंडनला इंडिया ऑफिसच्या संग्रहात आहे आणि त्याच्या पहिल्या पानावर कोणीतरी वार, तारीख, महिना आणि जागा नोंदवून ठेवली आहे. उलुग बेगने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आधी जमशीदांचे आणि मग काझीजादांचे जाणे नमूद केले. दोघांच्या माघारी अली कुशजी या तरुण शिष्याला हाताशी धरून त्याने काम पुरे केले. त्यातून १०१८ ताऱ्यांची यादी असलेली ‘झीज-ए-सुलतानी’ तयार झाली.

१४४९ मध्ये उलुग बेगचा त्याच्याच मुलाच्या इशाऱ्यावरून खून झाला. वेधशाळा मोडली, दगड लोकांनी नेले, जागाही विसरली गेली. १९०८ मध्ये व्यात्किन या रशियन संशोधकाने टेकडी खणली तेव्हा जमिनीखालची ती कमान सापडली. कोष्टके मात्र दगडांसारखी गेली नाहीत. ती उतरवली जात जात हिंदुस्थानात आली. अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंहाने दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा इथे वेधशाळा उभारल्या आणि बादशहा मुहम्मदशहाच्या नावाने नवी झीज तयार करवली, तेव्हा त्याच्या पंडितांपुढे आणि मौलवींपुढे पायाला ठेवलेला ग्रंथ समरकंदचा होता.